गौल, अकोल आणि लिमरिक जंक्शन

आयर्लंडमध्ये कॉर्कहून लिमरिकला रेल्वेनं जायचं तर मध्ये गाडी बदलावी लागते. मी भाचीकडे कॉर्कला गेले होते तेव्हा निघताना तिनं बजावलं, "मावशी, लिमरिक जंक्शनला उतर. पण ते लिमरिक नव्हे हं." खरंच नव्हे. ते स्टेशन लिमरिक परगण्यातसुद्धा नाही, टिपरेरीत आहे. टिपरेरी गाव तिथून तीन-चार किलोमीटरवर, आणि ज्याचं नाव पाटीवर लिहिलंय ते लिमरिक शहर पस्तीसेक किलोमीटर लांब. आजूबाजूला कुरणं, गाई आणि अंगाला चिकटणारा बारीक पाऊस. मी उतरले, पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून पाट्या वाचत बसले. रेल्वेवाल्याची मुलगी स्टेशनवर दुसरं काय करणार?

पाटीवर दोन नावं होती. एक इंग्रजी, ते ठाऊकच होतं. दुसरं आयरिश. त्यातला दुसरा शब्द लिमरिकचा, हे अंदाजानं कळलं. पहिला शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात 'गाभाल' असा आणि म्हणतात 'गौल'. मन्स्टर प्रांताच्या उच्चारात सबंध नाव साधारण 'गौल लिम्निग' असं ऐकू येतं. म्हणजे 'जंक्शन'ला यांनी स्वतःचा शब्द वापरला होता! माझं बालपण अकोला जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. मनमाड जंक्शन, भुसावळ जंक्शन, पूर्णा जंक्शन, आमच्या पिवळ्या पाट्यांवर देवनागरीतही 'जं.' एवढंच असायचं. त्या 'जं.'चं मराठी काय, असा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. पाटी वाचली आणि पडला.

गौल म्हणजे बेचकं. झाडाच्या दोन फांद्या जिथं फुटतात तो कोन, दोन बोटांमधला कोन, आणि दोन पायांमधलासुद्धा. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द 'गाबुल' असा होता आणि त्याचे अर्थ बरेच पसरलेले: दुबेळकी काठी, नदीचा फाटा, जांघ, फासावर देण्याचा खांब. जर्मनमध्ये जेवणाच्या काट्याला 'गाबेल' म्हणतात, तो याच शब्दाचा आप्त मानला जातो. दुभंगलेल्या शेपटीच्या पाकोळीलाही आयरिशमध्ये याच शब्दावरून नाव पडलंय. शरीराचा शब्द असल्यामुळे त्याला व्हायचं तेही झालं. लिमरिक शहरात इंग्रजी बोलणारी पोरं एकमेकांना 'गौल' म्हणतात, ती शिवी आहे, मूर्ख या अर्थाची, आणि तिचं मूळ याच शब्दाच्या जांघेकडच्या अर्थात आहे असं सांगतात. भाचीच्या दहा वर्षांच्या लेकीला मी स्टेशनचं आयरिश नाव वाचून दाखवलं, तर ती तोंडावर हात ठेवून हसली. शाळेत आयरिश सक्तीची आहे, शिवी मात्र मैदानावर शिकली असणार.

आता हे बेचकं स्टेशनाला कसं चिकटलं? त्यासाठी १८४८ सालात जायला हवं. डब्लिनहून नैर्ऋत्येला कॉर्ककडे जाणारी एक लाइन आणि लिमरिकहून आग्नेयेला वॉटरफर्डकडे जाणारी दुसरी, या दोन वेगळ्या कंपन्यांच्या. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टिपरेरीच्या कुरणात एकमेकींना भेटल्या. भेटल्या म्हणजे जवळजवळ काटकोनात छेदल्या. ही छेदणी अजून तशीच आहे. पण काटकोनात छेदणाऱ्या रुळांवर एका लाइनीवरून दुसरीच्या फलाटाला सरळ लागता येत नाही, त्यामुळे कित्येक दशकं गाड्या आधी पुढं जायच्या, थांबायच्या आणि मग उलट्या चालत फलाटावर यायच्या. रेल्वेच्या शौकिनांना या स्टेशनचं भारी कौतुक, ते या खटाटोपामुळेच.

म्हणजे नकाशावर पाहिलं तर तिथं बेचकं नाहीच, फुली आहे. आणि फुलीला, चौरस्त्याला, आयरिशमध्ये उत्तम, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे: 'क्रॉसरे'. लॅटिनमधल्या क्रूसावरून आलेला. तरी 'जंक्शन'चं भाषांतर करताना क्रॉसरे नाही, गौल घेतला गेला. डब्लिनच्या उत्तरेला हाऊथकडे जिथं लाइन फुटते त्या स्टेशनच्या आयरिश नावातही गौलच आहे. तिथं तो शोभतो, कारण तिथं खरंच एका रुळाचे दोन होतात.

हे वाचताना मला बाबांची आठवण येणं अपरिहार्य होतं. बाबा अकोल्याला छोट्या लायनीवर, म्हणजे खांडवा–पूर्णा मीटरगेजवर, सांधेवाले होते. इंग्रजीत पॉइंट्समन. सांधा म्हणजे रुळाची ती निमुळती सरकती पट्टी; दांडा ओढला की खट् करून सरकते आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की सांधा म्हणजे तर जोड, गुडघ्याचा असतो तसा. मग इथं तर रूळ फाटतात, याला सांधा का म्हणायचं? बाबा विडी विझवत म्हणाले, "गाडी कोणीकडून येते त्यावर आहे बाई. तिकडून आली तर फाटतो, इकडून आली तर जुळतो." रेल्वेच्या तांत्रिक भाषेतही हा भेद आहे, समोरून येणाऱ्या गाडीला एकाचे दोन रूळ दिसतात, मागून येणारीला दोनाचा एक. अपघाताची भीती पहिल्या प्रकारात जास्त, म्हणून त्याची कुलपं-किल्ल्या वेगळ्या. मला तेव्हा एवढंच कळलं, की एका जागेला दोन नावं असू शकतात आणि दोन्ही खरी.

मराठीनं स्वतःपुरता हा प्रश्न रस्त्यांवर सोडवलाय. मुख्य रस्त्यापासून गावाकडे वळणारी वाट असेल तर तो फाटा, आणि एसटीचा कंडक्टर गावाच्या नावापुढे 'फाटा' जोडूनच ओरडतो. कोकणात तीन वाटा मिळतात तो तिठा. चार मिळतात तो चव्हाटा, जिथं गोष्टी आणल्या की अब्रू जाते. नद्या मिळतात तो संगम. फाट्यात फुटणं आहे, संगमात मिळणं. रेल्वे आली तेव्हा या सगळ्यांतला एकही शब्द पुढं सरसावला नाही. जंक्शन आलं आणि राहिलं, इतकं राहिलं की 'जंक्शन माणूस', 'जंक्शन जेवण' असं भारी कौतुकानं म्हणेपर्यंत आमचं झालं. मला यात कमीपणा वाटत नाही. शिवाय जंक्शनचं मूळ लॅटिन 'युंगेरे', म्हणजे जुंपणं, हे संस्कृत 'युज्'चं सख्खं भावंड. योग, युग आणि बैलाच्या मानेवरचं जू ही सगळी त्याच घरातली. आयरिशमध्ये जूला 'कुइंग' म्हणतात, त्यातही हाच धातू दडून बसलाय. तेव्हा जंक्शनला परका म्हणून हाकलायचं तर जूलाही हाकलावं लागेल.

पण आयरिशची गोष्ट वेगळी होती. तिला शब्द उसना घेऊन पचवायला पुरेसा वेळच मिळाला नाही. १८४८ हे बटाट्यावरच्या रोगानं पडलेल्या दुष्काळाचं चौथं वर्ष. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. मेलेल्यांत आणि गेलेल्यांत दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे गरीब आयरिशभाषक फार मोठ्या संख्येनं होते. त्याच १८४८ च्या जुलैत याच टिपरेरी परगण्यात बॅलिंगारीला एक छोटा, फसलेला उठाव झाला. १८५१ च्या शिरगणतीत पहिल्यांदाच भाषेचा प्रश्न विचारला गेला, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे पंधरा लाख भरले, लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. सरकारी शाळा १८३१ पासून इंग्रजीतून चालत होत्या. घरात मुलं आयरिश बोलली की गळ्यातल्या काठीवर खाच पाडायची आणि शाळेत खाचा मोजून मार द्यायचा, अशीही रीत होती, आणि त्या खाचा बऱ्याचदा आईबापच पाडत. पोरांना बोटीवर चढायचंय, त्यांना इंग्रजी आलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाला नावं ठेवायची माझी छाती नाही. अशा काळात कुरणात फलाट उभा राहिला आणि त्याला इंग्रजी नाव मिळालं. आयरिश नाव हे त्या इंग्रजी नावाचं पुढं केलेलं भाषांतर आहे. देश स्वतंत्र झाला, १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिली राजभाषा म्हटलं, २००३ मध्ये राजभाषांचा कायदा आला. पाटीवर गौल दिसतो तो या वाटेनं आलेला.

म्हणून काही जण अशा नावांना कागदी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण शब्द कागदी नव्हता, फक्त त्याचं हे काम नवं होतं. गौल त्या जमिनीवर रेल्वेच्या कितीतरी आधीपासून पसरलेला आहे. कॉर्क परगण्यात समुद्राकाठी ॲड्रिगोल नावाचं गाव आहे, मेयो परगण्यात ॲडरगूल नावाचा पॅरिश. दोन्हींत 'एदर', म्हणजे 'मध्ये', हा शब्द अधिक गौल: दोन प्रवाहांच्या बेचक्यातली जागा. पी. डब्ल्यू. जॉइस या शाळामास्तरानं १८६९ मध्ये आयरिश गावनावांवरच्या ग्रंथाचा पहिला भाग काढला, त्यात अशी नावं त्यानं उलगडून दाखवली आहेत. बोटांच्या बेचक्याला दुसराही एक शब्द आहे, 'लायर', आणि तोही केरी-कॉर्कच्या ओढ्यांना लागलेला. आपल्या शरीरावरून जमिनीला नाव देणारी ही भाषा आहे. डोंगराचं नाक, पायथा, घाटमाथा म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

ॲडरगूल हे नाव आयर्लंडमध्ये आता दुसऱ्याच कारणानं माहीत आहे. ११ एप्रिल १९१२ रोजी त्या एका पॅरिशमधली चौदा माणसं क्वीन्सटाउन बंदरात टायटॅनिकवर चढली. तीन वाचली. त्या गावनावातल्या बेचक्याचा आणि बोटीचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण शब्दाचा मागोवा घेत गेलं की अशा ठिकाणी पाय अडकतो.

फुटण्याच्या शब्दांच्या शेजारी मिळण्याचे शब्दही होतेच. नद्यांच्या संगमाला आयरिशमध्ये 'कुमर', जुन्या रूपात 'कॉमर'. उत्तरेला डाउन परगण्यात कॉम्बर नावाचं गाव त्यावरूनच. बॅरो, नोर आणि शूर या तीन नद्या वॉटरफर्डजवळ एकत्र होऊन समुद्राकडे जातात, तिथल्या पाण्याला 'तीन पाण्यांचा कुमर' असं जुनं नाव आहे. म्हणजे त्रिवेणी. वेल्शमध्ये हाच शब्द 'कमेर' होतो, ब्रिटनीत 'केम्पेर', आणि फ्रान्समधलं कँपेर शहर दोन नद्यांच्या अशाच मिळणीवर वसलंय. शब्दाची घडण अगदी उघडी आहे: 'कॉम' म्हणजे एकत्र, 'बेर' म्हणजे वाहून आणणं. हा 'बेर' म्हणजेच संस्कृतचा 'भृ', भरति. आपला भार, आपलं भरणं. दोन नद्यांनी आपापला भार एकत्र आणून टाकला की कुमर. हे कळल्यावर मी त्या फलाटावर स्वतःशीच हसले असेन, कारण शेजारच्या बाईंनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

चौरस्त्याच्या क्रॉसरे शब्दाचं नशीब मजेदार आहे. इंग्रजीच बोलणाऱ्या डब्लिनच्या घराघरांत तो रोज सकाळी गेला, कारण 'आयरिश टाइम्स'चं शब्दकोडं १९४३ पासून त्या नावानं छापलं जातं. २०११ पर्यंतची कोडी रचणाऱ्याचं नाव डेरेक क्रोझियर. स्वतःच्या आडनावाशी जुळणारा, शब्द जिथं एकमेकांना छेदतात त्या जागेचा शब्द त्यानं उचलला. त्याच १९४३ मध्ये डी व्हॅलेरा यांनी सेंट पॅट्रिकच्या दिवशी रेडिओवरून जे भाषण केलं, त्यात त्यांनी चौरस्त्यावर नाचणाऱ्या सुंदर मुलींचं चित्र रंगवलं असं सगळे सांगतात. भाषणात चौरस्त्यावरचा नाच नाहीच. लोकांनी तो नंतर घातला. चौरस्त्यावर खरोखर नाच व्हायचे, म्हणून तो खपूनही गेला.

आणि ब्रायन फ्रीएलचं 'ट्रान्सलेशन्स' हे १९८० चं नाटक ज्यांनी वाचलं असेल त्यांना त्यातला चौरस्ता आठवेल. १८३० च्या दशकात इंग्रज लष्कराचं सर्वेक्षण गावोगावची नावं इंग्रजीत उतरवतंय. एका चौरस्त्याचं नाव एका विहिरीवरून पडलेलं, विहीर कधीच आटलेली, आणि ती कुठं होती हे फक्त एका माणसाला आजोबांकडून माहीत. नाव ठेवायचं की बदलायचं? नाटकात याचं उत्तर सुटत नाही, तीच त्याची ताकद. पण इतिहास म्हणून पाहिलं तर नाटकानं एका माणसावर थोडा अन्याय केला असं मला वाटतं. त्या सर्वेक्षणात जॉन ओ'डोनोव्हन नावाचा आयरिशभाषक विद्वान काम करत होता. गावोगाव पायी फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून त्यानं नावांची मूळ आयरिश रूपं वह्यांत उतरवली. नकाशावर इंग्रजी रूप गेलं हे खरंच. पण वह्या उरल्या. दुष्काळानंतर ज्या गावांत आयरिश कळणारं कुणी उरलं नाही, त्या गावांच्या नावाचा अर्थ आज कळतो तो बऱ्याच वेळा या वह्यांमुळे.

ओ'डोनोव्हन १८६१ मध्ये वारला. त्यानं एक भाषांतर मागं ठेवलं होतं, 'कॉर्मकच्या शब्दकोशा'चं. कॉर्मक हा कॅशेलचा बिशप आणि राजाही, ९०८ मध्ये लढाईत मारला गेला. कॅशेल याच टिपरेरी परगण्यात, जंक्शनपासून फार दूर नाही. त्याच्या नावावरचा हा कोश म्हणजे अवघड शब्दांच्या व्युत्पत्तींचा संग्रह. काही व्युत्पत्ती खऱ्या, काही यास्काची आठवण यावी इतक्या बेधडक. त्यात रस्त्याच्या प्रकारांची मापं दिली आहेत. 'बोहर' म्हणजे रस्ता, यातला 'बो' म्हणजे गाय, आपल्या 'गो'चाच भाऊ. बोहर किती रुंद हवा? एक गाय लांबीत आणि एक आडवी मावेल इतका. आमच्या वऱ्हाडातल्या पांदणीचं मापही कुणी असंच सांगितलं असतं.

हे भाषांतर पुस्तकरूपानं छापलं गेलं ते १८६८ मध्ये, कलकत्त्यात. संपादक व्हिटली स्टोक्स. डब्लिनचा हा वकील १८६२ मध्ये भारतात आला, पुढं व्हाइसरॉयच्या मंडळात कायदे सदस्य झाला आणि १८८२ पर्यंत राहिला. दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितांच्या मसुद्यांत त्याचा हात होता. आपल्या कोर्टकचेऱ्यांत तारखा पडतात त्यामागे कुठंतरी हा गृहस्थ आहे. दिवसा तो कायदे लिहायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिशची हस्तलिखितं संपादत बसायचा. ज्या साम्राज्याच्या शाळांनी त्याच्या देशातली भाषा मागं ढकलली, त्याच साम्राज्याच्या पगारावर, कलकत्त्याच्या उकाड्यात, तिच्या शब्दांची मापं प्रूफात तपासली गेली. स्टोक्सला यात काही विसंगती वाटली असेल का, कोण जाणे. मला ती वाटते, आणि त्याच्याविषयी कृतज्ञताही वाटते.

स्टोक्सच्याच कामातून 'जंक्शन'चा दुसरा आयरिश शब्द मला भेटला. आजच्या आयरिशमध्ये तांत्रिक अर्थानं जोड, जुळणी, रस्त्यांचं जंक्शन असं म्हणायचं तर कोश 'अकोल' हा शब्द देतात. लिहिताना मध्ये 'एम-एच' आहे, उच्चारात तो विरघळून जातो आणि उरतं अकोल. अकोला जंक्शनच्या मुलीनं हे वाचून काय करावं? योगायोग आहे, निव्वळ योगायोग. भाषाशास्त्राचं पहिलं पथ्य हेच, की असल्या सारखेपणाला भुलू नये. पथ्य पाळते. तरी तो शब्द मी वहीत देवनागरीत दोनदा लिहिला.

अकोलचं जुनं रूप 'अक्कोमोल': जोडणं, जुळवणं. याचं घर नदीकाठी नाही, मठात आहे. नवव्या शतकाच्या मध्याला आयरिश भिक्षूंनी प्रिस्कियनच्या लॅटिन व्याकरणाची एक प्रत केली, ती आता स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालच्या ग्रंथालयात आहे. ओळींच्या मध्ये आणि समासात नऊ हजारांवर टीपा आहेत, त्यातल्या सुमारे साडेतीन हजार आयरिशमध्ये. परकी भाषा शिकताना विद्यार्थी पुस्तकात जे खरडतात तेच, फक्त अकराशे वर्षांपूर्वीचं. एका पानाच्या वर ओघम लिपीत एकच शब्द आहे, ज्याचा अर्थ रात्रीच्या बिअरनं डोकं धरलंय असा घेतात. अशा माणसांना लॅटिन व्याकरणातल्या 'कोन्युंक्तियो'साठी, म्हणजे आपण ज्याला उभयान्वयी अव्यय म्हणतो त्यासाठी, स्वतःच्या भाषेत शब्द हवा होता. त्यांनी अक्कोमोलच्या मागं आणखी एक 'कॉम' जोडला आणि 'कॉमअक्कोमोल' घडवला. एकत्र-जोडणी. कोन्युंक्तियो आणि जंक्शन एकाच धातूचे. म्हणजे 'जंक्शन'च्या पोटातल्या लॅटिनला आयरिश प्रतिशब्द रेल्वेच्या हजार वर्षं आधीच तयार होता, फक्त तो 'आणि', 'परंतु', 'अथवा' यांच्यासाठी होता. या टीपांच्या आधारावर योहान कास्पर झॉइस या जर्मन पंडितानं जुन्या आयरिशचं व्याकरण उभं केलं ते १८५३ मध्ये, ज्या वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. आणि स्टोक्सनं स्ट्रॅकनबरोबर सगळ्या टीपा एकत्र छापल्या, १९०१ ते १९०३ मध्ये.

मग स्टेशनाला अकोल का नाही, गौल का? मला विचाराल तर निवड बरोबर झाली. अकोल हा वाचणाऱ्यांचा शब्द, गौल चालणाऱ्यांचा. आणि लिमरिक जंक्शनवरून दीडशे वर्षं माणसं मुख्यतः गेलीच आहेत. तिथून काही किलोमीटरवर सोलोहेडबेग आहे. २१ जानेवारी १९१९ रोजी तिथल्या खाणीकडे जिलेटिनचे स्फोटक नेणाऱ्या दोन पोलिसांना स्वयंसेवकांनी गोळ्या घातल्या. दोघेही पोलीस आयरिश, कॅथलिक, त्यांच्यासारखेच. त्याच दिवशी डब्लिनमध्ये पहिली स्वतंत्र संसद भरली आणि तिचं कामकाज बहुतेक आयरिशमध्ये झालं, सभागृहातल्या अनेकांना ती नीट समजत नसताना. दोन्ही घटना एकमेकींना न विचारता घडल्या. इतिहासाची पुस्तकं त्या दिवसाला स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात म्हणतात. त्या दोन घरांच्या दृष्टीनं तो काय होता ते निराळं.

मेयोमध्ये मनुला जंक्शन म्हणून एक स्टेशन आहे, तिथं बाहेर जायला रस्ताच नाही. उतरायचं ते फक्त दुसऱ्या गाडीत चढायला. लिमरिक जंक्शन इतकं टोकाचं नाही, बाहेर एक रस्ता आहे आणि समोर गाई आहेत. माझी लिमरिकची छोटी गाडी आली, दोन डब्यांची. सगळे उतरले. चालकानं आपली पिशवी उचलली, छत्री न उघडताच फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत गेला, मागच्या खोलीत शिरला, आणि जे मागचं होतं ते पुढचं झालं. आम्ही चढलो. सुटताना चाकाखाली सांधा खट् वाजला.